चिकूचा खडा आणि पाईपातला पायप्या

डॉक्टर मॅडम सांगत होत्या, मुतखडा एकदम नाही बनत. आधी एक बारीक कण, त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. मी म्हटलं, सेम आमच्या घरातल्या किश्श्यांसारखं! माझा भाऊ चिकू, वय वर्षं पाच. त्याच्या लघवीच्या पिशवीत खडा निघाला आणि आमच्या घरात इतके किस्से साठले की ते बाहेर काढल्याशिवाय मला पण आराम नाही. मी रोशन. राहणार रोडपाली. नववीत दुसऱ्यांदा.

*

सुरुवात अशी झाली. चिकू शू करताना एका पायावर नाचायला लागला. "जळतंय! जळतंय!"

मम्मी बोलली, "उन्हाळी लागली."

उन्हाळी लागली की आमच्यात चुना लावतात. पण कुठं, यावर भांडण! मम्मीच्या माहेरी बेंबीला. आत्या म्हणते पायाच्या अंगठ्यांना. दोघींनी एकमेकींना न सांगता आपापल्या जागी लावला. मी म्हटलं कमी नको पडायला, म्हणून थोडा नाकाला लावला.

मग चिकूला पनवेलला मुलांच्या डॉक्टर मॅडमकडे नेला. त्यांनी शर्ट वर केला, मग पाय बघितले, मग तोंड.

"बेंबीचं माहितीये. अंगठ्याचं पण ऐकलंय. नाकाचं कुणाकडचं?"

मम्मी आत्याकडे बघते, आत्या मम्मीकडे. दोघी एकदम, "तिच्याकडचं असंल!"

*

मग लघवीची तपासणी. लॅबवाल्या ताईंनी डबी दिली. "पहिली धार सोडायची, मधली धरायची."

कसली मधली? चिकू पहिलीच देईना! मग मम्मी, पप्पा, आत्या आणि मी त्याच्याभोवती गोल करून उभे राहिलो आणि चालू, "शूऽऽऽ! शूऽऽऽ!" पाच मिनिटं! बाकावरचे दोन आजोबा उठून घाईघाईनं आत गेले. चिकू ढिम्म.

तेवढ्यात बघतो तर पप्पा गायब. आले थोड्या वेळानं, हात पुसत.

मम्मी ओरडली, "कुठं गेलेलात?"

"माझी झाली," पप्पा बोलले. "तुमी याचं बघा."

*

सोनोग्राफीला पिशवी फुल्ल लागते म्हणे. चिकू तर सकाळपासून धरूनच बसलेला. सोनोग्राफीवाले डॉक्टर खूश. "वा! शाबास! असंच धरायचं बाळा!" वर चॉकलेट दिलं.

रिपोर्ट घेऊन मॅडमकडे आलो. इन्फेक्शन होतं आणि खडा पण. मॅडम म्हणाल्या, "शू अजिबात धरायची नाही! कळलं?"

चिकूच्या तोंडात अजून चॉकलेट. तो बोलला, "धरू का सोडू? तुमी दोघं एकदा ठरवा ना!"

*

पण मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हा धरतो का? पाणी का पीत नाही? ते शोधा. नाहीतर खडा काढला तरी पुन्हा इन्फेक्शन, पुन्हा खडा."

मम्मी बोलली, शाळेचं बाथरूम घाण. पप्पा बोलले, मोबाईल. आत्या बोलली, नजर. सगळे चिकूकडे बघायला लागले. चिकू माझ्याकडे. मी भिंतीवरच्या चित्रातल्या दात घासणाऱ्या अस्वलाकडे.

आता खरं सांगतो. नव्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा हा कमोडवर अर्धा अर्धा तास गाणी म्हणत बसायचा आणि मी बाहेर पोट धरून! म्हणून मी त्याला सांगितलं, "या पाईपात पायप्या राहतो. शू करणाऱ्याला खाली ओढतो. फ्लश केल्यावर गुडगुड होतं ना? तो त्याचा ढेकर." वर दाराबाहेरून जाडा आवाज पण काढला, "कोऽऽण हाय?" चिकू अर्ध्या मिनिटात बाहेर!

तेव्हा मला वाटलं, काय डोकं हाय माझं! पण दोनाचा पाढा याच्या लक्षात राहत नाही, पायप्या कसा राहिला?

परत येताना रिक्षात कानात बोललो, "चिकू, पायप्या नाय रे. मी फेकलेली."

तो बोलला, "आता फेकतोयस."

*

इन्फेक्शनची औषधं झाली, मग ऑपरेशन. खडा निघाला. सिस्टरनी छोट्या बाटलीत घालून दिला. "सांभाळा. कशाचा बनलाय ते तपासायला पाठवायचाय."

आत्या बोलली, "गेटावरच्या ढिगातली खडी गिळली असंल पोरानं!"

पप्पांचा धंदाच खडीचा. उलव्याच्या बिल्डिंगांना त्यांचाच माल जातो. त्यांना लागलं ते. त्यांनी बाटली खिडकीत उजेडाला धरली, फिरवून फिरवून बघितली.

"आपला माल नाय. आपली खडी क्रशरमध्ये फोडलेली हाय, तिला कोपरे असतात. हा गोल हाय."

सिस्टर म्हणाल्या, "काका, पोटातून आलाय तो!"

"तेच बोलतोय मी. आपला नाय!"

*

मग एका सकाळी ऑपरेशनच्या वेळी घातलेली शूची नळी काढली. मॅडम म्हणाल्या, "दुपारपर्यंत स्वतःहून झाली पाहिजे. नाहीतर नळी परत घालावी लागेल."

अकरा वाजले. बारा वाजले. चिकू गुडघे आवळून पडलेला. सिस्टरनी बेडवर भांडं दिलं, त्यात पण नाही. म्हणतो, "भांडं पण त्याच्याकडंच ओततात ना!"

"कोणाकडं?" मम्मीनं विचारलं.

मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. पायप्या, जाडा आवाज, सगळं. पप्पा एवढंच बोलले, "घरी चल तू." मम्मी माझ्याकडे पाठ करून चिकूचं पांघरूण नीट करायला लागली. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

आणि चिकू काय बोलला? "दादा खोटं बोलतोय. तो नेहमीच खोटं बोलतो!"

मग मी वॉर्डातल्या संडासात गेलो, दार लावलं. ठरवलेलं, जाड्या आवाजात बोलायचं, 'चिकूला सोडला!' पण त्याच आवाजानं तर सगळी वाट लावलेली, म्हणून तो काढलाच नाही. नुसता फ्लश केला. गुडगुड झालं. बाहेर आलो.

"काय बोलला?" चिकूनं विचारलं.

मी म्हटलं, "तुलाच सांगणार म्हणतो."

चिकू उतरला. बेडपाशी जरा घुटमळला, मूठ आवळली आणि एकटाच आत गेला. आम्ही चौघं दाराला कान लावून. आत कुजबुज. मग शांत. मग धार! चांगली लांब! मम्मी रडायलाच लागली. फ्लश, गुडगुड, आणि चिकू बाहेर. "पाणी दे." अख्खा ग्लास प्यायला.

मॅडम आल्या. "शाबास! आता तो खडा द्या, लॅबचा माणूस आलाय."

बेडजवळच्या टेबलावरची बाटली उघडी. आत काही नाही. मॅडम, सिस्टर, मम्मी, पप्पा, आत्या, सगळे एकदम माझ्याकडे वळले.

"आईशप्पथ, मी नाय!"

"मी दिला," चिकू बोलला. "त्यानं मागितला." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि दादा, तू काढतोस तसा जाडा आवाज नाय त्याचा. बारीक हाय."