भोंगेवालीचे शब्द

तलावाच्या धक्क्यावर ती नोकरीला लागली, तेव्हा तिला एवढंच सांगितलं होतं: लाँचच्या वेळा पुकारायच्या, आणि धुकं पडलं की बोलत राहायचं. काय बोलायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं.

घरी तिचं तोंड उघडायला मुहूर्त काढावा लागायचा. सासू म्हणायची, "माझी सून म्हणजे मळभ. पाऊस नाही की ऊन नाही, नुसता दिवस खाते." अशा बाईला धक्क्यावरचे लोक भोंगेवाली म्हणतात हे कळलं, तेव्हा सासू हसून हसून भिंतीला टेकली होती.

खरा भोंगा होता, विजेवरचा. पण तलावाला दोन्ही अंगांनी डोंगर. लाँच चालवणाऱ्या सारंगाने पहिल्याच हिवाळ्यात तिला समजावलं होतं, "भोंगा वाजला की डोंगरही वाजतात. चहूकडून एकच हंबरडा. शब्दाचं तसं नसतं. आधी ऐकू येतो तो तुमचा, मागून येतो तो डोंगराचा."

"मग 'इकडे या, इकडे या' म्हणत राहू?"

"तेच तेच म्हणालात तर पहिला कुठला नि मागचा कुठला? आणि पाढेही नकोत हं. बे दुणे ऐकलं की चार माझा कानच म्हणतो, वाटेल त्या दिशेने म्हणतो. माझ्या ध्यानीमनी नसलेला शब्द टाका. त्यावर मी सुकाणू धरतो."

तेव्हापासून ती शब्द साठवायला लागली. बाजारातून, दुकानांच्या पाट्यांवरून, बसमधल्या भांडणांतून. उन्हाळाभर गोळा करायची, हिवाळ्यात उधळायची.

त्या दिवशी पहिल्या लाँचने सासू परत येणार होती. आठ दिवसांपूर्वी जेवताना सासूने तिला तीन प्रश्न विचारले होते आणि तिने तीनदा मान हलवली होती. सासू ताटावरून उठली, ट्रंक भरली. "भिंतींशीच बोलायचं, तर भावाच्या घरच्या भिंती तरी लहानपणापासून ओळखीच्या आहेत," म्हणाली आणि पलीकडच्या काठाला निघून गेली. नवऱ्याने मिनतवारी करून तिला वळवलं होतं. येते म्हणाली, पण या खेपेला घर मुकं असेल तर कायमची जाईन, असंही म्हणाली.

आणि सकाळी हे असं धुकं! हातातल्या कर्ण्याचं पुढचं तोंडसुद्धा दिसेना. पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते, काही पत्ता नाही. दूर कुठेतरी लाँचचं इंजिन फटफटत होतं. मग तेही थांबलं. सारंग ऐकायला थांबला होता. धक्क्याच्या डाव्या हाताला पाण्यात बुडालेला कातळ होता, आणि थांबलेली लाँच वाहत जाते.

तिने कर्णा तोंडाला लावला. "शिडी!"

डोंगर म्हणाले, शिडी.

"चष्मा! लाटणं! पानशेत... नाही, पानसुपारी! कुलूप!"

इंजिन जरासं चालायचं, पुन्हा थांबायचं. अर्धा तास गेला. गेल्या महिनाभर रोज धुकं होतं, साठवण तळाला गेली होती. तिने कर्णा खाली घेतला.

मागे तिकीटवाला ओरडला, "वहिनी, थांबू नका!"

"संपले हो."

"मग समोर दिसतंय ते सांगा."

"समोर काय दिसणार? धुकं."

"मग तेच सांगा की!"

"धुकं," ती म्हणाली. डोंगरांनी ते हळूच परत केलं. मग तिला आईचा शब्द आठवला, खिडकी लावून घेताना आई म्हणायची तो. "धुई!" शेजारचे म्हातारे घोंगडी झटकताना म्हणायचे तो. "दहिवर!" शाळेच्या पुस्तकात होता आणि पुस्तकाबाहेर कधी भेटलाच नाही तो. "नीहार!" मग धुरकट, मग धूसर, मग झाकोळ.

ती डोळे मिटून बोलत होती. एकेका शब्दाबरोबर समोरचं पांढरं बदलत होतं. धुई म्हटलं की ते घोट्याशी ओलं लागायचं, दहिवर म्हटलं की गवतावर जाऊन बसायचं, नीहार म्हटलं की उंच व्हायचं, कुणी न राहणाऱ्या घरासारखं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावं तशी ती चालली होती, आणि कुठल्याच खोलीला भिंत नव्हती.

मग खोल्याही संपल्या.

त्या शांततेत धुक्यातून आवाज आला. "अगं, ढग बसला म्हण! आमच्याकडे ढग बसला म्हणतात!"

सासू! आणि आवाज डावीकडून येत होता, कातळाच्या अंगाने.

तिने कर्णा गर्रकन डावीकडे फिरवला. "आई, ढग कसा बसेल? त्याला पाय आहेत का?"

"पाय नाहीत म्हणूनच बसतो!"

"मग उठतो कसा?"

"तुझा नवरा उठतो तसा! दहा हाका मारल्यावर!"

लाँचमध्ये हशा पिकला. इंजिन सुरू झालं.

"हाका तुम्ही मारता, आई, म्हणून उठत नाहीत!"

"आणि तू मारतेस का? तू तर मनात मारतेस!"

"मनातल्या हाकेने उठतात! विचारा त्यांना!"

भांडणात पुढचं वाक्य काय येणार, ते सारंगालाच काय, भांडणाऱ्यालाही ठाऊक नसतं. फटफट जवळ येत गेली. आधी एक काळसर डाग दिसला, मग कठडा, मग कठड्याला धरून उभी असलेली, लुगड्याचा पदर कानांवरून गच्च गुंडाळलेली एक छोटीशी बाई. लाँच धक्क्याच्या टायरांना टेकली.

सारंगाने घाम पुसला. "भोंगेवालीबाई, उद्यापासून यांनाही रोज न्यायचं-आणायचं का?"

सासू उतरली. ट्रंक खाली ठेवून सुनेसमोर उभी राहिली. "हं. बोल आता."

तिने तोंड उघडलं. आवाजच फुटेना. तिने गळ्याकडे बोट दाखवलं.

"घ्या! सगळं तळ्यात ओतून आली!" सासूने आपला पदर सोडून तिच्या गळ्याभोवती गुंडाळला. "सुट्टी किती वाजता?"

तिने दोन बोटं दाखवली.

"थांबते मी." सासू तिकीटघराच्या पायरीवर ट्रंक टेकवून बसली, आणि तिला हाताला धरून शेजारी बसवलं. "आता हे विरळ व्हायला लागलंय. याला काय म्हणायचं? धुई?"

तिने मान हलवली. नाही.

"मग वाफ?"

नाही.

"मग कापूस पिंजलाय, असं?"

तिने जरा विचार केला, आणि हात तिरका केला. म्हणजे जवळपास.

"जवळपास म्हणे! बरं, मग हे ऐक," सासू म्हणाली आणि पुढचा शब्द शोधू लागली. पलीकडचा काठ केव्हाच दिसायला लागला होता.