विश्वासू माणूस पाहिजे

काहीही विचारलं की आमच्या शेजारचे काका आधी मागं वळून दाराकडे बघत आणि मग हळूच म्हणत, "ते सांगता येत नाही गा." आज भाजी काय, एवढं विचारलं तरी हेच! मग स्वतःच खुदकन हसत. फौजेतून निवृत्त होऊन ते धरमपेठेत आमच्या बाजूच्या दोन खोल्यांत राहायला आले होते. फौजेत ते संदेश सांकेतिक भाषेत उतरवायचे, एवढंच आम्हाला माहीत. त्यापलीकडचं काकूंनाही नाही.

"मले तं सांगा! मी का पेपरात छापून राहिली?" काकू शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणत.

काकूंची शिलाई आणि तुटपुंजी पेन्शन, एवढ्यावर भागत नव्हतं. काका नोकरीसाठी जिथं जात तिथं अनुभव विचारत आणि नेमकी तिथंच गाडी अडे.

ऐंशी सालानंतर आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्याच्या थंडगार खोलीत जाताना साहेबसुद्धा चपला बाहेर काढत. आरती तेवढी राहिली होती. त्यातली माहिती बाहेर फुटू नये म्हणून विश्वासू माणूस हवा होता. काकांच्या मापानं शिवलेली नोकरी! मीच त्यांना अर्ज करायला लावला.

मुलाखतीला उमेदवार आत सोडायचं काम माझ्याकडे होतं. काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले.

"फौजेत नेमकं काय करत होता? एखादं उदाहरण सांगा," साहेब म्हणाले.

काकांनी मागं वळून दाराकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहिलं. "ते सांगता येत नाही, साहेब."

"अहो, इतक्या वर्षांनी काय हरकत आहे?"

"नाही जमणार, साहेब."

त्यांच्यानंतरच्या गृहस्थानं आपल्या जुन्या ऑफिसातल्या तिजोरीची किल्ली कुठं लटकते, तिथल्या मॅनेजरचं कोणाशी वाकडं आहे, सगळं एका दमात सांगून टाकलं. "मनमोकळा माणूस आहे," साहेब खूश होऊन म्हणाले आणि त्यालाच घेतलं. तुम्ही तिथं असता तर हसला असता. मला रडू येत होतं.

घरी परतताना मी सायकल हातात धरून काकांबरोबर चालत होतो. "काहीतरी बनवून सांगायचं ना, काका!" मी चिडलोच.

"बापू, त्याइले गुपित सांभाळणारा माणूस पायजे होता ना?" ते म्हणाले. "मंग मले काहून नाही घेतलं?"



संध्याकाळी भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला. "तोंड उघडलं असतं तं घरात पगार आला असता!"

नंतर त्यांना कुठंच नोकरी मिळाली नाही. माणूस आतून खचत गेला. शेवटच्या आजारात मी बघायला गेलो, तेव्हा ताप डोक्यात चढला होता. डोळे मिटून काका भराभर कसले तरी आकडे आणि अक्षरं म्हणत होते. मी ऐकायला खाली वाकलो.

काकूंनी माझा दंड धरला. "बापू, तू बाहेर थांब," त्या म्हणाल्या. "ते कामाचं बोलून राहिले."

मी बाहेर आलो. काकूंनी आतून कडी लावली, ती काका गेल्यावरच उघडली.