खूप वर्षं जगणारा सरडा

व्हर्न हॅड्रिकचं आणि माझं फार गूळपीठ होतं असं पार्कात कोणी म्हणणार नाही. नदीकाठच्या आमच्या कॅरॅव्हॅन पार्कात, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वस्तीत, मी दूध, गॅसच्या टाक्या आणि गळाला लावायची गांडुळं विकते, आणि व्हर्न रोज सकाळी येऊन या तिन्हींना नावं ठेवायचा. गांडुळंसुद्धा त्याला मरतुकडी वाटायची. उंच, हाडकुळा, तोंडाचा फटकळ. उभा जन्म कत्तलखान्यात गेलेला, बोटांवर सुरीचे वण. पण गळाला लहान मासा लागला की हात ओला करून, हळूच सोडवून तो परत पाण्यात सोडायचा. ते मी पाहिलं होतं, म्हणून त्याची बोलणी ऐकून घ्यायची.

त्याची मुलगी जनीन आजारपणात गेली, आणि तिची नऊ वर्षांची टॅम्सिन व्हर्नकडे राहायला आली. बापाचा पत्ताच नव्हता. व्हर्नची कॅरॅव्हॅन एवढीशी, की दोघं एकदम उभी राहिली तर एकाला बसावं लागायचं. मागची खाट त्याने पोरीला दिली आणि स्वतः जेवणाचं दुमडतं टेबल रात्री खाली करून त्यावर झोपायला लागला. वीज इतकी बेताची, की हीटर लावला तर दुसरं काही लावायचं नाही, नाहीतर सगळाच अंधार. पोर रडायची नाही, हट्ट करायची नाही. शाळेतून आली की खाटेवर बसून खिडकीबाहेर बघत राहायची.

एक दिवस व्हर्न दूध घेऊनही जाईना.

"मार्ज, तिला सोबतीला काहीतरी जितंजागतं पाहिजे."

"तू आहेस की."

"हं. मी म्हणजे फारच जितंजागतं."

कुत्री-मांजरं पार्कात चालत नाहीत. नियम मालकाचा, शिव्या खायच्या मी. "सरड्याबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही," मी आपलं थट्टेने म्हटलं. म्हाताऱ्याने मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणतो, खाटेच्या पायथ्याशी फळी आहे, तिच्यावर एक पेटी बसते, मापं घेतली.

गावात ग्लेनिस नावाची बाई आहे. लोकांना नकोसे झालेले साप-सरडे ती गराजमध्ये सांभाळते आणि घर बघून कोणाकोणाला देते. माझ्या गाडीतून आम्ही तिघं गेलो. आधी तिने एक पाल दाखवली, बोटाएवढी, सुबक. जागा म्हणाल तर जवळजवळ लागतच नाही.

"जगते किती?" व्हर्नने विचारलं.

"आधी तुझी जागा किती ते सांग."

"जागेचं मी बघतो. जगते किती?"

पाल बाद झाली. मग दाढीवाला सरडा, गळ्याखाली काट्यांची झालर असलेला. तो टॅम्सिनकडे बघून मान हलवायला लागला आणि कितीतरी दिवसांनी ती हसली. पण त्याला उंच पेटी पाहिजे, चढायला फांद्या पाहिजेत, बारा महिने कडक दिवा पाहिजे. आणि तोही व्हर्नला पुरेसा जगणारा वाटेना. ग्लेनिसला वाटलं असेल, हा म्हातारा सरडा घेतोय की विमा उतरवतोय.

शेवटी तिने निळजिभ्या सरडा काढला. हातभर लांब, जाडा, आखूड पायांचा, आणि जीभ खरंच शाई प्याल्यासारखी. "हा चढत नाही, पळत नाही. बुटकी पेटी चालते, लपायला झाडाची साल दिली की खूश. नीट ठेवलात तर वीस वर्षं. तीस जगलेलाही माझ्या माहितीत आहे."

व्हर्नने माझा दंड धरून मला बाहेर नेलं. "वीस धर. म्हणजे ती एकोणतीसची. तोवर मी कशाला राहतोय? पण हा राहील, मार्ज. या पोरीने आईला पुरलंय. आता मी जाईपर्यंत तरी मधे आणखी कोणाला पुरायची पाळी तिच्यावर येऊ नये, एवढंच मला पाहिजे." मी आत जाऊन ग्लेनिसला निळजिभ्याची पेटी काढायला सांगितलं.

निघताना ग्लेनिस सांगत होती, थंडीत तो खाणं सोडेल, ढिम्म पडून राहील, त्याच्या वाटेला जाऊ नका. "जनावरांचं मला शिकवतेस?" व्हर्न म्हणाला. "तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून जनावरं हाताळतोय मी." त्याने पेटी उचलली नि चालू पडला.

सरड्याचं नाव टॅम्सिनने ठेवलं नॉर्म. त्याच्यासाठी ती गोगलगायी वेचायची, केळं कुस्करायची, आणि दुपारी त्याला हातावर घेऊन माझ्या दुकानात यायची. तो मला बघून जीभ काढायचा.

"मार्ज, नॉर्मला तू आवडत नाहीस."

"मला तरी तो कुठे आवडतो? फिटंफाट."

हळूहळू पोर बोलायला लागली. शाळेतल्या कोणाशी भांडण झालं, पॉप रात्री कसा घोरतो, सगळं नॉर्मच्या नावाने मला सांगायची. आजोबाला ती पॉप म्हणायची. व्हर्नने त्या दिवसांत गांडुळांनासुद्धा नावं ठेवली नाहीत.

मग जुलै आला, आमच्याकडचा ऐन थंडीचा महिना. त्या वर्षी सकाळी नदीकाठचं गवत दव गोठून पांढरं व्हायचं. टॅम्सिनला खोकला झाला, तेव्हा व्हर्नने हीटर तिच्याकडे वळवला आणि नॉर्मचा उबेचा दिवा काढून ठेवला. दुसरा इलाजच नव्हता. नॉर्म सालीखाली शिरला तो बाहेर येईना. एका सकाळी पोर शाळेत गेल्यावर व्हर्नने त्याला उचललं. बर्फासारखा गार, पाय लोंबते, डोळे मिटलेले, श्वास दिसत नाही. व्हर्नच्या हातांनी जन्मभर एकच गोष्ट ओळखली होती. जनावर ऊन आहे तोवर जिवंत, गार पडलं की संपलं. त्याला शंकासुद्धा आली नाही. आपल्या जुन्या फ्लॅनेलच्या शर्टात गुंडाळून त्याने नॉर्मला कुंपणापाशी निलगिरीखाली पुरलं आणि माझ्याकडे आला.

"झोपेतच गेला. तिने बघायच्या आत उरकलं, तेवढं तरी केलं मी." वीस वर्षं म्हणाली होती ती, वीस वर्षं, असं पुटपुटत राहिला. मी चहा केला, तो तसाच गार झाला.

टॅम्सिनला त्याने संध्याकाळी सांगितलं. ती जाऊन निलगिरीखाली बसली, परत येऊन जेवली, आणि पुन्हा गप्प झाली.

शनिवारी आम्ही पेटी परत द्यायला ग्लेनिसकडे गेलो. मधे दोन दिवस छान ऊन पडलं होतं. ग्लेनिसने पेटी घेता घेता विचारलं, "कडक झाला होता का? वास येत होता?"

"वास कसला? सापडला तेव्हा गारढोण होता."

"व्हर्न, थंडीत सरडा गारच असणार. दिवा काढलास म्हणून तो नुसता झोप..." एवढ्यात तिची नजर पोरीकडे गेली आणि ती थांबली. पण काय थांबून उपयोग?

पार्कात गाडी उभी राहते न राहते तोच टॅम्सिन निलगिरीकडे पळाली आणि हातांनी माती उकरायला लागली. "नको, टॅम, नको," करत व्हर्न मागून आला आणि शेवटी तोही गुडघ्यावर बसून उकरायला लागला. शर्ट निघाला तो रिकामा. नॉर्म त्याच्या वीतभर वर होता, तिरपा, नाक आभाळाकडे, नखांत माती गच्च भरलेली. आता मात्र तो खरोखर मेला होता.

व्हर्न तिथेच बसकण मारून बसला. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि देव करो पुन्हा पाहायला न लागो, असा रडला. टॅम्सिनने नॉर्मच्या डोळ्यांवरची माती फ्रॉकने पुसली. मग तिने विचारलं, "पॉप, आईला नीट बघितलं होतं ना?"

"काय?"

"ती पण गार होती. मी हात लावला होता. तुम्ही सगळे म्हणालात, गेली."

"डॉक्टरांनी बघितलं होतं, बाळा. नर्सने बघितलं."

"आणि तू?"

"मी पण. मी तिचा हात धरून होतो."

"नॉर्मला पण तूच बघितलं होतंस," ती म्हणाली.

व्हर्नने परत दुसरा सरडा आणला नाही. त्या दिवसापासून तो कसलीच गोष्ट छातीठोकपणे सांगेना. दूध नासलंय की नाही तेही मला विचारायचा. टॅम्सिन त्याच्याशी वाईट कधीच वागली नाही. स्वयंपाक शिकली, त्याची औषधं सांभाळायची, नदीवर त्याच्या शेजारी बसायची. पण तो दुपारी खुर्चीत डुलकी घ्यायला लागला की ती जवळ येऊन उभी राहायची, आणि त्याची छाती हलताना दिसली की मगच जायची. व्हर्नला ते माहीत होतं. तो डोळे मिटून, मुद्दाम मोठ्याने श्वास घ्यायचा.

ती पंधरा वर्षांची असताना तो गेला, इस्पितळात, सकाळच्या वेळी. आम्ही दोघी होतो. नर्सने नाडी बघितली, मान हलवली आणि चादर वर ओढायला गेली. टॅम्सिनने तिचा हात धरला.

"थांबा."

"अगं, मी बघितलंय, राणी," नर्स म्हणाली.

"बघू दे तिला," मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच.

टॅम्सिनने पॉपच्या छातीवर कान ठेवला आणि दोन्ही हात त्याच्या अंगाभोवती घातले. नर्स दोनदा येऊन गेली, मी तिला दारातूनच परत पाठवलं. बऱ्याच वेळाने पोरीने डोकं वर केलं. गालावर त्याच्या सदऱ्याच्या गुंडीचा वळ उठला होता.

"हो, मार्ज," ती म्हणाली. "गेलाय तो." आणि मग आईच्या वेळचंसुद्धा राहिलेलं सगळं ती रडली.