डब्यामागे एक गाव

अमेरिकेत बेलव्ह्यूला आमच्या शेजारी एक आजी एकट्याच राहत. २००३ साली आम्ही तिथं राहायला गेलो, तेव्हा बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातून त्यांनी चहात भिजवलेल्या बेदाण्यांचा पाव आणून दिला. आता, कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आईनं माझ्या हाडीमाशी भिनवलेलं. मी डब्यात नारळाच्या वड्या भरून दिल्या. आठवड्याभरात डबा पुन्हा भरून दारात! नवरा म्हणाला, "यार, एक वेळ आपलं ग्रीन कार्ड येईल, पण तुमचा हा डबा काही थांबायचा नाही."

आजी मूळच्या ब्रिटनमधल्या वेल्सच्या. लग्न होऊन अमेरिकेत आल्या, त्याला पन्नास वर्षं झालेली. त्यांची भाषा वेल्श, आणि इथं ती बोलायला कुणीच नाही. मुलालाही शिकवली नाही, ही खंत त्या उघड बोलून दाखवत. डबा इकडचा तिकडे झाला की चहा व्हायचा, आणि त्या आपल्या नदीच्या खोऱ्यातलं एक गाव सांगायच्या. उगमाकडून खाली, अगदी क्रमानं. पहिलं पाटीच्या दगडाच्या खाणीचं. पावसात तिथली त्याच दगडाची छपरं निळी दिसत. मग दगडी पुलाचं. पुलाअलीकडचे आणि पलीकडचे वेगवेगळ्या प्रार्थनाघरांत जात आणि एकमेकांच्या गाण्याला नाकं मुरडत. मग मेंढ्यांच्या बाजाराचं. तिथं माणसाला आडनावानं कुणी ओळखत नसे, त्याच्या शेताच्या नावानं ओळखत. ऐकताना मला माझं निरेच्या खोऱ्यातलं गाव आठवायचं. अशी दोन वर्षं गेली. त्यांचं स्वतःचं गाव मात्र शेवटचं, समुद्राजवळचं.

"ते पुढच्या डब्याला," त्या म्हणाल्या.

पुढचा डबा माझ्याकडून जायचा होता. दिवाळी आलेली, म्हणून चकल्याच द्यायच्या असं मी ठरवलं. भाजणी सासूबाई पुण्याहून येताना आणणार होत्या आणि त्यांचं तिकीट महिनाभर पुढं गेलं. केळ्याच्या वेफर्सनी डबा भरला असता तर काय बिघडलं असतं? पण मी पडले हट्टी. डबा ओट्यावर तसाच राहिला आणि मधेच एका सकाळी आजींना मेंदूचा झटका आला.

त्या हॉस्पिटलातून घरी आल्यावर मी लेकीला घेऊन चकल्या द्यायला गेले. दार त्यांच्या मुलानं उघडलं. आजींचे हातपाय ठीक होते, पण इंग्रजी पार गेली होती. उरली होती फक्त वेल्श.

आजींनी डबा ओळखला. माझा हात धरून त्या बोलू लागल्या, भरभरून. मधेच हातानं पाण्याचं वळण दाखवलं, मधेच हसल्या. ते त्यांचंच गाव होतं, याची मला खात्री आहे. मला एक शब्द कळला नाही. मुलगा मान खाली घालून बसला होता. मी नुसती हं, हं करत राहिले.

बाहेर आल्यावर माझ्या सहा वर्षांच्या लेकीनं विचारलं, "आई, व्हॉट डिड शी से?"

मला रडू आवरेना. तिथंच पायरीवर तिला मांडीवर घेतलं आणि निरेच्या उगमापासून एकेक गाव सांगायला लागले, मराठीतून.