मार खाण्याची नोकरी

क्लबाच्या पहिल्या बेसबॉल संघाकडून कुरामोची तेत्सुजीने टाकलेला पहिला चेंडू अंपायरच्या गुडघ्यावर बसला. ही हकिगत लोकांनी कुजबुजत सांगण्याआधी तो स्वतःच मोठ्याने सांगून मोकळा होई. "फलंदाज वाचला, कॅचर वाचला, बिचाऱ्या तिसऱ्याच माणसाला लागला. एवढं कर्तृत्व सगळ्यांना जमत नाही!"

तेत्सुजी मूळचा तोत्तोरीकडचा. घरी पेअरच्या बागा. शाळेच्या संघात तो पिचर होता, आणि गावात त्याच्याएवढा जोरात चेंडू फेकणारं दुसरं कोणी नव्हतं. गाव लहान होतं, हेही तोच पुढे जोडी. बंदरावरच्या एका क्लबाने त्याला घेतलं ते निवडीच्या अगदी शेवटी. "माझं नाव पुकारलं तेव्हा हॉलमधल्या खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती," तो म्हणे.

मग कितीतरी वर्षं दुसऱ्या, म्हणजे राखीव संघात काढली. एका उन्हाळ्यात पहिल्या संघाचे दोन पिचर आजारी पडले आणि तेत्सुजीचं नशीब उघडलं. अंपायरच्या गुडघ्यानंतर त्याने वेडेवाकडे चेंडू टाकून तिघांना पहिला तळ फुकट दिला आणि चौथ्याने चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला. पाचव्यानेही तेच केलं. मॅनेजर संथ पावलांनी पिचर उभा राहतो त्या मधल्या उंचवट्यावर आले.

"बरं वाटत नाहीये का रे?"

"नाही सर, अगदी ठणठणीत आहे."

"मग आम्हालाच बरं वाटत नाहीये. चल."

त्या शरद ऋतूत क्लबाने त्याला खेळाडू म्हणून मोकळं केलं. प्रशिक्षक मुरोई यांनी त्याला खोलीत बोलावून चहा पुढे केला, तेव्हा त्याने ओळखलं की चहात काहीतरी कडू आहे.

"बॅटिंग पिचर होशील? सरावात आपल्या फलंदाजांना चेंडू टाकायचे. त्यांनी ते बडवायचे."

"म्हणजे आत्तापर्यंत करत होतो तेच?"

"तेच. फक्त आता त्याबद्दल कोणी शिव्या देणार नाही."

तेत्सुजी हसला, आणि घरी जाऊन आंघोळीच्या टबात बराच वेळ बसून राहिला. बायको नाओएचं केशकर्तनालय होतं. गिऱ्हाइकांनी विचारलं, "तुमचे मिस्टर हल्ली काय करतात?" तर ती कात्री न थांबवता सांगे, "मार खातात."

पण मार खाणंही सोपं नव्हतं. जन्मभर बॅट चुकवायला शिकलेला हात आता बॅटवर जायला तयार होईना. पहिल्याच आठवड्यात समोर हागीवारा उभा राहिला. हागीवारा म्हणजे क्लबाचा लाडका, वयाने तेत्सुजीहून लहान, खांदे बैलासारखे. त्याला पाहून तेत्सुजीच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. त्याने जुना, शेवटच्या क्षणी खाली बुडणारा चेंडू टाकला. हागीवाराची बॅट हवेत फिरली आणि तो स्वतःभोवती गिरकी घेऊन खाली बसला. तेत्सुजीला आकाश ठेंगणं झालं.

मागून मुरोई ओरडले, "कुरामोची! इतक्या वर्षांनी आजच सुचलं का रे तुला?"

सगळं मैदान हसलं. त्या दिवसापासून मात्र हात रुसला. सरळ टाकायला जावं तर चेंडू जमिनीत, नाहीतर जाळीवर. फलंदाज तोंडाने काही बोलत नसत. टोपी उतरवून नम्रपणे वाट पाहत, आणि तेच त्याला जास्त लागे. "मारही धड खाता येत नाही मला," तो जेवताना म्हणाला.

नाओएने मिसोच्या सूपची वाटी त्याच्यापुढे सरकवली. "तुम्ही अजून जिंकायला जाता, म्हणून. माझ्याकडे बाई येते, तिला कपाळावर झुलपं हवी असतात. तिच्या कपाळाला शोभत नाहीत, पण ठेवते. मी तिथे स्पर्धेला बसलेली नसते."

"म्हणजे मी हागीवाराला विचारू, कशी झुलपं हवीत?"

"विचारा की!"

दुसऱ्या दिवशी त्याने खरंच विचारलं, "हागीवारा, कुठे टाकू?" हागीवारा चमकला. आजवर हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. "थोडा आत. मांडीच्या वर," तो म्हणाला. पहिले काही चुकले, मग एक बसला, मग दुसरा. पावसाळा सरेपर्यंत हागीवारा दुसऱ्या कोणाच्या हातचा चेंडू घेईनासा झाला.

पुढे एका वर्षी मोठ्या खेळाडूंच्या मेळाव्यात होमरनची, म्हणजे चेंडू कुंपणापार टोलवण्याची चढाओढ होती. ज्याने त्याने आपला पिचर आणायचा. हागीवाराने तेत्सुजीला नेलं. सामना टीव्हीवर दिसणार होता. निघण्याआधी गावाहून आईचा फोन आला.

"अख्खी आळी आपल्या घरी जमलीये रे. त्या हागीवाराला सोडू नकोस!"

"आई, त्याने मारायचेच असतात."

"असलं वेडंवाकडं बोलू नये. नीट फेक."

भरल्या मैदानात तेत्सुजी पुन्हा पुन्हा टोपी सारखी करू लागला. पहिले तिन्ही चेंडू भलतीकडेच. हागीवाराने बॅट खांद्यावर टाकली आणि हाक मारली, "कुरा-सान, घाबरताय कशाला? तो एक चेंडू सोडला, तर माझ्यापुढे तुम्ही कधी जिंकलाय?"

तेत्सुजीला खुदकन हसू आलं आणि हात सैल पडला. मग एकामागून एक चेंडू कुंपणापार जाऊ लागले. हागीवारा जिंकला. बक्षीस घेताना त्याने तेत्सुजीला ओढून कॅमेऱ्यासमोर उभं केलं, तेव्हा तेत्सुजीच्या शर्टाचं एक बटण उघडं होतं.

सकाळी आईचा पुन्हा फोन. आवाज रडवेला. "किती रे मारलं तुला! आम्ही शेजाऱ्यांपुढे माना खाली घालून बसलो. दुसऱ्या कोणाला उभं करता आलं नसतं?"

तिच्या हातून वडिलांनी फोन घेतला. ते फोनवर सहसा बोलत नसत. "चेंडू चांगले पडत होते," एवढं म्हणून त्यांनी ठेवून दिला.

खांदा साथ देईनासा झाला तोवर त्याने ही नोकरी केली. शेवटच्या दिवशी सरावानंतर खेळाडूंनी त्याला उंचवट्यावर चढवलं आणि बोलायला भाग पाडलं. "ज्यांनी ज्यांनी मला झोडपलं, त्या सर्वांचा मी ऋणी आहे," तो म्हणाला. सगळे खो खो हसले. तोही हसला, इतका की डोळे पुसायची वेळ आली. मग तोंड लपवायला तो टोपी शोधू लागला आणि ती त्याच्या डोक्यावरच होती.