नानांचं ‘खरां’

अनंत गावस, म्हणजे आपले नाना, यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पेडण्यातल्या आपल्याच गावच्या ग्रामसभेत. मी चंदगडहून फरश्या बसवायला आलेला, म्हणजे गावाला बाहेरचा. आमच्या खोल्यांना नळ मिळावा म्हणून उभा राहिलो. मागून कोणी ओरडलं, “ह्यो भायलो! ह्येका नळ कित्या?” सभा हसली. नाना उठले.

“खरां,” ते म्हणाले. “भायलोच तो. पण येताना तहान घराक ठेवन येवक जमला नाय तेका.”

हसणं ओरडणाऱ्याकडे वळलं. नळही आला.

पुढे दर रविवारी देवळासमोर मी त्यांच्याकडे लाठी शिकलो. मी जोर लावून वार अडवायचो आणि मनगट सुजवून घ्यायचो. “आडवू नको रे चंदगडकर,” ते सांगत, “हाड मोडतला. वाराच्या वांगडा अर्दां पावल घाल, आनी तेका भायरची वाट दाखय.” सभेतलं ‘खरां’ म्हणजे वारासोबत टाकलेलं तेच अर्धं पाऊल, हे तेव्हा उमगलं. गिऱ्हाइकांशी वाद घालताना मी ते बिनदिक्कत वापरलं. आज माझ्या हाताखाली वीस माणसं आहेत, त्यात त्या पावलाचा वाटा मोठा.

माझी बायको बाळंतपणात अडली, तेव्हा नानांनीच तिला स्कूटरवर बसवून म्हापशाच्या इस्पितळात नेलं. आई आणि लेक दोघी वाचल्या. त्या वेळी नानांच्या घरी त्यांची बायको, आमच्या काकी, तापात होत्या, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. काकी त्या दुखण्यातून उठल्या नाहीत.

झरीवरचा डोंगर बंगल्यांसाठी कापायचा विषय सभेत आला, तेव्हा नाना विरोधात बोलले. समोरच्या बाजूनं त्यांचा मुलगा सुहास उभा राहिला. “गावावयलो दर एक वार तुमी घेतलात, बाबा. आवय तापान फणफणत होती, तेव्हा खंय होतात?”

“खरां,” नाना म्हणाले.

आम्ही पुढच्या वाक्याची वाट पाहिली. नाना खाली बसले. फरशी ठोकून ती पोकळ की भरीव, हे कानानं ओळखण्यात माझी हयात गेली. ते ‘खरां’ भरीव होतं. डोंगर त्या दिवशी हातचा गेला. सुहास मुरगावला बंदरात नोकरीला गेला, तो आजवर आलेला नाही. नाना सभेला जात नाहीत. लाठी आता चालताना टेकायला लागते.

नानांवरच्या या गौरवग्रंथासाठी त्यांचा फोटो मागायला गेलो, तेव्हा धीर करून विचारलं, “नाना, त्या दिवशी उत्तर सुचलं नव्हतं?”

“सुचलेला,” ते म्हणाले. “पण तो वार परतवलो आसतो तर लागलो कोणाक आसतो? तेकाच, सुहासाक.”

हा ग्रंथ मी स्वतः मुरगावला नेऊन सुहासच्या हातात देणार आहे. नानांचे गुडघे, डोळे, कान शाबूत राहोत. निदान पायरीवर वाजलेलं पाऊल सुहासचं आहे, हे त्यांना आतूनच ओळखता येईल इतकी वर्षं त्यांना मिळोत.