चंदेरी डबी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मॅडमचा अँटेना बरोबर होता. घाण मी केली.

अंबडच्या आमच्या छोट्या कारखान्यात मॅडम अँटेना बनवायच्या. मी डब्या, रंग, खरेदी बघायचो. त्यांची एक सवय पाहून तुम्हीही हसला असता. सर्किट टेबलावर आलं की त्यावर अलगद तळहात ठेवायच्या आणि स्क्रीनकडे बघत राहायच्या. "मॅडमनी आशीर्वाद दिला, आता चालणार," आम्ही म्हणायचो.

"हसा. उद्या हे माणसाच्या अंगावर असणार, भाऊ. हात लागल्यावर बिघडलं तर काय चाटायचंय?"

त्या वेळी काम होतं पेशंटच्या मनगटावर बांधायच्या डबीचं. नाडीची खबर वायफायवरून नर्सच्या टेबलापर्यंत पोचवायची. अँटेना म्हणजे तांब्याचा एकच बिस्किटाएवढा चौकोन आणि त्याने वायफायचे दोन्ही बँड, म्हणजे दोन वेगळ्या लहरी, पकडायच्या. मॅडम ब्लेडने त्यात बारीक फट कापत. जमलं की स्क्रीनवरची रेघ दोन जागी, एकेका बँडसाठी, खोल उतरे. त्या खोल जागांना मॅडम विहिरी म्हणत. "सटाण्याला माहेरी एका विहिरीला पाणी नाही, आणि इथे मला दोन-दोन पाहिजेत!" एखादी विहीर जागा सोडून सरकली की "हाई काय शे!" म्हणून पुन्हा ब्लेड उचलत. दोन्ही जागेवर बसल्या त्या दिवशी सगळ्यांना मिसळ खाऊ घातली.

डबी पांढरी होती. गिऱ्हाईक म्हणालं, साबणदाणी वाटते. मॅडमना न विचारता मी चंदेरी रंग मारून घेतला. रंगवाला म्हणालाही होता, "साहेब, यात ॲल्युमिनियमची भुकटी आहे, म्हणून ही चमक." धातू आडवा आला की सिग्नल मरतो, हे मला कळत होतं. पण माल पाठवायची घाई होती. म्हटलं, एवढ्याशा थराने काय होणार.

हॉस्पिटलात डब्या मुक्या झाल्या. एका आजींची नाडी मंदावली आणि टेबलावर खबरच गेली नाही. फेरीवरच्या नर्सने पाहिलं म्हणून त्या वाचल्या.

सगळा माल परत आला, माझ्याच ताब्यात. मॅडमच्या टेबलावर पांढऱ्या डबीत तोच अँटेना व्यवस्थित चालत होता. त्या माझ्याकडे आल्या.

"भाऊ, त्या चंदेरी रंगात धातू नाही ना?"

"छे. साधाच रंग आहे."

"मग परत आलेली एक तरी डबी द्या."

"भंगारात गेल्या, मॅडम."

"बरं. तुम्ही म्हणताय ना, मग झालं."

मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "दोन बँड झेपत नव्हते तर आधी सांगायचं." मॅडम खाली बघत म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलं असेल." मी चहात बिस्किट बुडवत होतो. ते तुटून कपात पडलं, तरी मी मान वर केली नाही.

त्यांनी नोकरी सोडली. नंतर घरी शिकवण्या घ्यायच्या म्हणे. गेल्या वर्षी कॅन्सरने गेल्या.

त्यांच्या घरी भेटायला गेलो तर त्यांच्या मुलीने चहा दिला. मी आईच्या कारखान्यातला, म्हणून माझ्याशी मोकळेपणाने बोलली. "काका, आई शेवटपर्यंत म्हणायची, माझ्या हातून एक म्हातारी मेली असती. घरातला वायफायचा राउटरसुद्धा तिने नजरेसमोर नको म्हणून कपड्याने झाकून ठेवला होता."

राउटरवर तो रुमाल अजून होता. मी चहा संपवला आणि उठलो.

परत आलेल्या डब्यांपैकी एक मी भंगारात दिली नव्हती. ती माझ्या कपाटात आहे. ती त्या मुलीच्या हातात ठेवून, तिच्या आईचं काही चुकलं नव्हतं आणि खोटं मी बोललो, एवढं तिला सांगायचं आहे. ते देणं अजून फिटलेलं नाही.